नव्या पिकअपला आधी काय लावायचं?

भाऊ, पिकअप घेतली, लय चांगलं झालं. दुकानदार वीस वस्तू दाखवेल. पहिल्या वर्षी तुला तीनच लागतात.

१. हौद्यात जाड रबरी मॅट. रंग खरचटला की तिथूनच गंज धरतो, आणि युरियाची पोती वाहशील तर पावसाळ्यात अजून लवकर. माझ्या आधीच्या गाडीचा पत्रा असाच कोपऱ्यातून सडला. मॅट आठवड्यातून एकदा उचल, खालचं झाडून वाळू दे. मॅट टाकून विसरून जाणं हीच मोठी चूक.

२. हौद्यापेक्षा हातभर मोठी ताडपत्री अन् चांगला दोर. उघडा कापूस जिनिंगपर्यंत वाटभर उडतो. भिजला तर भाव पडतो.

३. चारही मडफ्लॅप. पांदणीची काळी माती पत्र्यावर वाळू देऊ नको.

समोर लोखंडी बुलगार्ड मात्र लावू नको, कितीही रुबाबदार दिसो. धडकेत पायी माणसाला जास्त मार बसतो, म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. त्या पैशातून मागची रिफ्लेक्टर पट्टी चांगली लाव. हंगामात बाजार समितीबाहेर रात्रभर रांगेत उभं राहावं लागतं, तेव्हा मागून येणाऱ्याला गाडी दिसली पाहिजे.

कोटिंगचं पहिल्या सर्व्हिसिंगनंतर बोलू.