इंटर्नच्या हाती पहिली केस कधी द्यावी?

विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या समुपदेशन केंद्रांत मानसशास्त्राचे इंटर्न कसे तयार करावेत, याबद्दल सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि कोणाची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

आमच्या केंद्रात यंदा एम.ए. मानसशास्त्राचे सहा इंटर्न येणार आहेत. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. मार्गदर्शक मी एकटीच. तास कसे वाटू आणि केस केव्हा सोपवू?
— समुपदेशक, सोलापूर

आधी स्वतःच्या वेळेचा हिशेब मांडा. इंटर्नचे आठवड्याला ८ तास धरले तर १२० तासांचे १५ आठवडे होतात. प्रत्येक इंटर्नला आठवड्याला एक तास स्वतंत्र सुपरव्हिजन, म्हणजे मार्गदर्शकासोबत बसून कामाचा आढावा, आणि सगळ्यांना मिळून दोन तास, म्हणजे सहा जणांसाठी तुमचे ८ तास गेले. नोंदी वाचायचा वेळ त्यात धरलेला नाही. एवढा वेळ मोकळा नसेल तर सहा घेऊ नका, तीन घ्या. सुपरव्हिजनचा तास कापून जास्त इंटर्न घेतले की त्याची किंमत समोर बसलेला विद्यार्थी मोजतो.

पहिले तीन आठवडे केस नाही. त्या २४ तासांत रोल-प्ले, म्हणजे भूमिका घेऊन केलेला सरावाचा संवाद, संमतिपत्र समजावून सांगण्याचा सराव, आत्महत्येची जोखीम तपासण्याचे प्रश्न आणि नोंद लिहिणं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तुम्ही घेत असलेल्या पहिल्या भेटीत, विद्यार्थ्याची परवानगी घेऊन, इंटर्नने नुसतं बसावं आणि नंतर स्वतंत्र नोंद लिहून तुमच्या नोंदीशी ताडून पाहावी. सहाव्या आठवड्यापासून दोन केस, फार तर तीन. दोन केसचे साधारण दोन तास, नोंदींचा एक, सुपरव्हिजनचे तीन. उरलेले दोन तास सराव आणि वर्गांतल्या कार्यशाळांसाठी. शेवटचे दोन आठवडे केस आवरायला.

रोल-प्ले तिघांत करा: एक समुपदेशक, एक विद्यार्थी, एक निरीक्षक. दहा मिनिटं संवाद, पाच मिनिटं निरीक्षकाचं बोलणं आणि पुढची पाच मिनिटं तोच प्रसंग पुन्हा. ही पुन्हा करण्याची पाच मिनिटं बहुतेक ठिकाणी गाळली जातात, आणि शिकणं तर तिथेच होतं.

निरीक्षकाने मत द्यायचं नाही, वाक्यं टिपायची. विद्यार्थी म्हणतो, ‘घरचे माझं ऐकतच नाहीत.’ इंटर्न म्हणते, ‘तू त्यांना शांतपणे समजावून सांग ना.’ तिसऱ्या मिनिटाला सल्ला आला आणि विद्यार्थी ‘हो मॅडम’ म्हणून गप्प झाला. तोच प्रसंग पुन्हा घेताना इंटर्नने विचारावं, ‘ऐकत नाहीत म्हणजे काय होतं? परवाचंच एखादं सांगतोस?’ मग कळतं की त्याला पुण्याला शिकायला जायचंय आणि घरात तो विषय निघाला की आई जेवण सोडते. ‘समजावून सांग’ हा सल्ला इथे किती पोकळ होता ते इंटर्नला आपोआप दिसतं, वेगळं व्याख्यान लागत नाही.

‘तू’ की ‘तुम्ही’ हेही सरावात घ्या. इंटर्न बावीसची, समोरची मुलगी एकोणीसची. ‘तुम्ही’ म्हटलं की मुलगी आखडते. समोरचा नोकरी करून शिकणारा तिशीतला असेल तर ‘तू’ खटकतं. ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं विचारून टाकावं.

केस द्यायची कसोटी गुणांची नाही. इंटर्नला पाच मिनिटं सल्ला न देता ऐकता येतं का? आत्महत्येबद्दल थेट शब्दांत विचारता येतं का? ‘हे मला जमणार नाही, मॅडमना बोलावते’ असं म्हणता येतं का? तिन्ही होकार आले की द्या.

मी इंटर्न आहे. एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘मी नसलेलीच बरी.’ मी घाबरले आणि ‘असे विचार करू नकोस, तू किती हुशार आहेस’ असं बोलून गेले. ती गप्प झाली. काय विचारायला हवं होतं?
— इंटर्न, पंढरपूर

तुमचा धीर देण्याचा हेतू चांगला होता, पण त्या वाक्याने तिला एवढंच कळलं की हा विषय इथे बोलायचा नाही. आपल्याकडे माणसं हे सरळ क्वचितच म्हणतात. ‘जीव नकोसा झालाय’, ‘जगायचा कंटाळा आलाय’, ‘झोपावं आणि उठूच नये’, ‘सगळ्यांची सुटका होईल’ ही सगळी वाक्यं थांबून विचारण्याची आहेत. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून बरेच जण मोकळे होतात.

क्रम असा ठेवा. ‘नसलेलीच बरी म्हणतेस, म्हणजे मरून जावं असं वाटतं का?’ हो म्हणाली तर, ‘स्वतः जीव द्यावा असाही विचार येतो का?’ मग: कधीपासून, दिवसातून किती वेळा? कसं करायचं हे ठरवलंय का? त्यासाठी लागणारं काही हाताशी आहे का? कधी करायचं ठरवलंय? यापूर्वी प्रयत्न झालाय का? आणि आजवर कशामुळे थांबलीस? हा शेवटचा प्रश्न वगळू नका, सुरक्षा आराखड्याची, म्हणजे धोका वाढला की काय करायचं याच्या लेखी योजनेची, सुरुवात त्याच्या उत्तरातूनच होते. हे प्रश्न रोल-प्लेमध्ये मोठ्याने पंधरा-वीस वेळा म्हणून झालेले असावेत. पहिल्यांदा तोंडातून काढताना आवाज कापतोच. तो सरावात कापू द्या.

ठरवलंय, साधन आहे किंवा आधी प्रयत्न झालाय, यातलं एक जरी ‘हो’ आलं तरी पुढचा निर्णय इंटर्नचा नाही. विद्यार्थिनीला एकटं न सोडता मार्गदर्शकाला खोलीतच बोलवा. म्हणून नियम असा हवा: मार्गदर्शक इमारतीत नसेल त्या वेळी इंटर्नने केस घ्यायची नाही. फोनवर असणं म्हणजे हजर असणं नव्हे.

सुरक्षा आराखडा तिच्यासोबत, तिच्या शब्दांत, कागदावर लिहा. सहा भाग: धोका वाढतोय हे कशावरून कळतं, एकटी असताना ती काय करू शकते, मन दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, त्यात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक, आणि घरातली साधनं दूर करणं. सहावा भाग आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. शेतकरी घरात फवारणीचं औषध पडवीत किंवा कॉटखाली ठेवलेलं असतं. ते कुलपात जाणं किंवा घराबाहेर जाणं, आणि ते कोण करणार त्या माणसाचं नाव, एवढं लिहिल्याशिवाय भेट संपवू नये. ‘मी काही करणार नाही’ असं लिहून सही घेण्याची पद्धत मात्र सोडून द्या. त्याने जीव वाचतो असा पुरावा नाही, आणि सही केलेली मुलगी पुढच्या वेळी खरं सांगायला कचरते.

नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली भरून घेत असाल तर नुसती बेरीज पाहू नका. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून जास्त आले की काळजी घेतात. पण बेरीज ७ आणि नवव्या प्रश्नाला २ असं उत्तर येऊ शकतं. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. विद्यार्थिनी खोलीबाहेर जाण्याआधी तो पाहिलाच पाहिजे.

प्रयत्न झाला असेल तर पोलिस केस होईल या भीतीने घरचे लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि, तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय, तिला शिक्षा होत नाही. इंटर्नला हे दोन वाक्यांत सांगता यायला हवं.

आमच्याकडे बरीच मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. इंटर्न फक्त मराठी बोलणारे. दुभाषी म्हणून मैत्रिणीला बसवलं तर चालेल का?
— प्राध्यापिका, सोलापूर

मैत्रिणीला नको, भावालाही नको. ती वाक्यं गाळते, सौम्य करते, आणि गुपित बाहेर जातं. सोलापुरात इंटर्न निवडतानाच भाषा विचारा: तेलुगू, कन्नड, उर्दू यांपैकी कोणाला काय येतं याची यादी दारावर लावा. विद्यार्थ्याने पहिल्या फॉर्मवर ‘कोणत्या भाषेत बोलायला आवडेल’ यावर खूण करावी.

तशी सोय नसेल तेव्हा एक साधी गोष्ट उपयोगी पडते. ‘हे तुझ्या भाषेत आधी म्हण, मग मला मराठीत सांग’ असं म्हणावं. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला मुलगा ‘टेन्शन आहे’ एवढंच मराठीत सांगतो. घरच्या भाषेत तेच म्हणताना त्याचा हात छातीवर जातो. तो हात पाहून विचारता येतं. मराठीतही ‘डोकं जड होतं’, ‘काळजात धस्स होतं’, ‘कशात मन लागत नाही’ यांना घाईने ‘चिंता’ किंवा ‘नैराश्य’ असं नाव देऊ नका. नोंदीत त्याचेच शब्द अवतरणात लिहा.

इंटर्न नोंदी मोबाइलवर लिहितात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. योग्य आहे का?
— केंद्र समन्वयक, बार्शी

नाही, आजच बंद करा. नोंद त्याच दिवशी, केंद्रातच, नावाऐवजी क्रमांक टाकून, आठ-दहा ओळींची. काय सांगितलं, काय दिसलं, जोखीम विचारली का आणि उत्तर काय, काय ठरलं, पुढची तारीख. मार्गदर्शकाची सही. क्रमांक आणि नावांची वही वेगळ्या कुलपात. ध्वनिमुद्रण करायचं तर लेखी संमती हवी, आणि सुपरव्हिजन झालं की ते पुसायचं.

विभागप्रमुख विचारतात, ‘आमचा विद्यार्थी तुमच्याकडे येतो, काय भानगड आहे?’ इंटर्नने काय उत्तर द्यावं?
— इंटर्न, सोलापूर

‘सर, कोण येतं आणि कोण नाही हे आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला कोणाची काळजी वाटत असेल तर त्याला आमच्याकडे यायला सांगा.’ हे वाक्य पाठ हवं, कारण इंटर्नचे गुण बहुधा त्याच सरांच्या हातात असतात आणि आयत्या वेळी जीभ अडखळते. २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ ने ही गोपनीयता हक्क म्हणून दिली आहे. सरांशी पुढचं बोलणं मार्गदर्शकाने करावं.

अपवाद पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याला सांगायचे: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश. आणि वय विचारायचं. पदवीच्या पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलं असतात. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे बंधन मुलाने सगळं सांगून झाल्यावर त्याला सांगणं हा विश्वासघात ठरतो.

माझी क्लायंट माझ्याच एसटीने अक्कलकोटहून येते. परवा तिने शेंगाचटणीचा डबाही आणला. आता काय?
— इंटर्न, अक्कलकोट

गाव लहान आणि गाडी एकच, हे टळणार नाही. केस देण्याआधी इंटर्नला फक्त नाव, गाव आणि विभाग दाखवावा. ओळखीचं निघालं तर केस दुसऱ्याकडे. तुमच्या बाबतीत पुढच्या भेटीत सांगा: ‘गाडीत भेटलो तर मी आपणहून बोलणार नाही. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, पण इथलं काही तिथे नको.’ चटणी घरची आहे, परत केली तर दुखावेल. घ्या, केंद्रात सगळ्यांसाठी ठेवा आणि सुपरव्हिजनमध्ये सांगा. पैसे किंवा महागडी वस्तू मात्र नाही, आणि स्वतःचा मोबाइल नंबर कधीच नाही.

सत्र संपलं की इंटर्न जातात आणि त्यांचे विद्यार्थी केंद्रात यायचेच बंद होतात. काय करावं?
— समुपदेशक, मंगळवेढा

‘मी अमुक महिन्यापर्यंत आहे’ हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं असावं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मग सुट्ट्या, मग परीक्षा, असं करत सत्र कधी संपलं ते इंटर्नलाही कळत नाही. म्हणून कॅलेंडरवर शेवटची भेट आधी लिहा आणि तिथून मागे मोजा. तीन भेटी उरल्या की आठवण द्यायची. दोन उरल्या की विचारायचं: पुढे चालू ठेवायचं की इथे थांबायचं? पुढे चालू ठेवायचं असेल तर शेवटची भेट तिघांची: विद्यार्थी, इंटर्न आणि पुढे केस घेणारी व्यक्ती. वीस मिनिटं पुरतात. आतापर्यंत काय झालं ते विद्यार्थ्याने स्वतः सांगायचं, इंटर्नने फक्त राहिलेलं जोडायचं, आणि नव्या व्यक्तीसोबतची पुढची तारीख विद्यार्थ्याच्या वहीत तिथेच लिहून द्यायची. रोज एसटीने येणाऱ्या मुलांना दुपारी तीनच्या आतली वेळ द्या.