‘प्रतिकूल दाबप्रवणता’: प्रतिकूल कोणाला?

अभियांत्रिकीच्या एका भाषांतरातलं वाक्य असं: ‘प्रतिकूल दाबप्रवणतेमुळे संक्षोभी सीमास्तरातील संरचना बदलतात.’ (संक्षोभी म्हणजे खळबळत, भोवरे घेत वाहणारा.) विचारणाऱ्याची अडचण अशी, की यात प्रतिकूल कोणाला आणि संरचना कसल्या?

दाबप्रवणता म्हणजे प्रवाहाच्या वाटेवर दाब कसा बदलत जातो ते. ती प्रतिकूल असते प्रवाहाला. विमानाच्या पंखावरून हवा जाते तेव्हा पुढच्या भागात दाब घटत जातो आणि हवा वेग घेते, हे अनुकूल. पुढे दाब परत वाढू लागतो आणि हवेला त्याच्याविरुद्ध जावं लागतं. पृष्ठभागालगतचा पातळ थर, म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ प्रान्टल यांनी १९०४ साली मांडलेला सीमास्तर, घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. चढ फार असेल तर तो उलटा वळतो आणि पृष्ठभाग सोडतो.

‘चढ’ हा शब्द सहज आला बघा. ‘प्रवणता’ ऐकली की आपल्याला अपघातप्रवण वळण नाहीतर अवर्षणप्रवण तालुका आठवतो; शिवाय संस्कृतात प्रवण म्हणजे उतरता, आणि इथे तर दाब चढतोय! परिभाषेत ‘प्रवणता’ हा शब्द रूढ आहे, राहू द्या. पण समजावताना ‘दाबाचा चढ’ आणि ‘दाबाचा उतार’ म्हणावं. ‘धन’ आणि ‘ऋण’ तर टाळाच. गणितात प्रतिकूल प्रवणता धन असते, आणि धन म्हटलं की वाचकाला ते चांगलंच वाटणार.

आता संरचना. इथे इमारत नाही, पूल नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लाइन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सोडून पाहिलं, तेव्हा भिंतीलगत संथ पाण्याचे लांबट पट्टे दिसले; संरचना त्या याच. हे पट्टे मधूनच वर उचलले जातात, थरथरतात आणि फुटतात. १९६७च्या त्यांच्या निबंधात नोंद आहे की दाबाच्या चढावर हे फुटणं वाढतं आणि जास्त जोरकस होतं, उतारावर कमी होतं. उतार पुरेसा तीव्र असेल तर ते थांबतं आणि प्रवाह पुन्हा स्तरीय, म्हणजे थराथराने शांत वाहणारा, होतो. या पुन्हा शांत होण्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोद्दम नरसिंह आणि श्रीनिवासन यांनी मोलाचं काम केलंय.

तेव्हा ‘बदलतात’ हे क्रियापद फारच मोघम. मी लिहीन: ‘दाबाच्या चढावर भिंतीलगतचे संथ पट्टे अधिक वेळा आणि अधिक जोराने फुटतात.’