कोअरमध्ये घालण्याआधी कण बाटलीत टिकतात का ते बघ

खडकातून जादा तेल काढायला सिलिकाचे नॅनोकण हाती आले म्हणून लगेच कोअर फ्लडिंगला, म्हणजे साठ्याच्या खडकाच्या दंडगोल तुकड्यातून (कोअरमधून) द्रव ढकलून बघायला, बसू नकोस. तुला काम मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलसाठ्यासाठी करायचंय ना? 1974 साली सापडलेलं ते क्षेत्र चुनखडीचं, आणि तिथे दाब टिकवायला समुद्राचंच पाणी आत सोडतात. म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार अशा पाण्यात झाकला जातो आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये मजेत राहिलेले कण गोळा होतात. उष्णतेत तर आणखी लवकर.

म्हणून आधी घट्ट झाकणाची बाटली, कृत्रिम समुद्रपाणी आणि साठ्याच्या तापमानाला लावलेलं ओव्हन. रोज उजेडासमोर धरून बघ. निळसर झाक जाऊन दुधाळपणा आला, तळाशी पांढरा थर बसला, की तो नमुना बाद. पृष्ठभागावर सिलेन (सिलिकॉनचं एक संयुग) बसवलेले कण बरेच तग धरतात. माझं ऐकशील तर सुरुवात तिथूनच कर.

चुनखडीत आणखी एक अडचण आहे. साधी सिलिका ऋणभारित, कॅल्साइट (चुनखडीचं मुख्य खनिज) बहुधा धनभारित, त्यामुळे कण कोअरच्या तोंडाशीच चिकटतात. कोअरच्या दोन टोकांमधला दाबफरक सतत नोंदव. प्रवाह तोच ठेवूनही तो चढतच राहिला, तर छिद्रं तुंबताहेत असं समज.

आणि तेल वाढलं म्हणण्याआधी नुसतं समुद्रपाणी, नुसतं स्टॅबिलायझर (कणांना गोळा होऊ न देणारं रसायन) आणि नॅनोद्रव (कण मिसळलेलं पाणी), तिन्ही एकाच जातीच्या कोअरवर चालव. स्टॅबिलायझर सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) असेल, तर जादा तेल त्याच्यामुळेही आलेलं असू शकतं.