पार्किन्सनसाठी डीप ब्रेन स्टिम्युलेशन: सांगलीहून एवढा खर्च करावा का?

आपल्या ६१ वर्षांच्या वडिलांसाठी या शस्त्रक्रियेचा, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून छातीतल्या बॅटरीने त्यांना सौम्य विद्युतप्रवाह देण्याच्या उपचाराचा, लाखांतला खर्च सार्थकी लागेल का, असे आपण विचारले आहे. लेव्होडोपाची (पार्किन्सनवरील मुख्य औषधाची) गोळी घेतल्यावर हातपाय मोकळे होत असतील, पण पुढच्या गोळीआधीच तिचा अंमल उतरत असेल, तर बहुधा लागेल; तोल जाणे किंवा विसरभोळेपणा हीच मुख्य तक्रार असेल, तर मी पैसे घालणार नाही.

मार्केट यार्डातील आमच्या ओळखीच्या एका हळद अडत्यांच्या हातून पूर्वी कपातला निम्मा चहा बशीत सांडत असे. ही शस्त्रक्रिया झाल्यापासून ते हिशेबपट्टीवर स्वतः सही करतात. मात्र हिशेबात केवळ शस्त्रक्रियेचे बिल धरू नये. छातीत बसवलेली साधी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांनी छोटी शस्त्रक्रिया करून बदलावी लागते, तर चार्ज करता येणारी महाग असली तरी १५ वर्षांच्या आसपास टिकते. शिवाय विद्युतप्रवाह जुळवून घेण्यासाठी सुरुवातीला पुण्याच्या खेपा होतात, आणि सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी कोणी धरतच नाही. औषधे कमी होतात, बंद सहसा होत नाहीत. म्हणूनच पहिल्या एक-दोन वर्षांत हा उपचार महागच वाटतो; खर्चाच्या मानाने लाभ दिसतो तो पुढील वर्षांत. ६१ व्या वर्षी मी तरी चार्जिंगचीच बॅटरी निवडली असती, फक्त ती नियमाने चार्ज करणारे घरात कोणी हवे.