तेल सडतं, कुजतं की आंबतं?

प्रश्न नागपूरच्या एका शाळेतल्या बाईंचा आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर त्यांनी लिहिलं, 'जमिनीखालचं खनिज तेल प्राणवायूशिवाय सडून त्याचा मिथेन होतो.' एका सहकाऱ्यांनी 'सडून' खोडून 'कुजून' केलं, दुसऱ्यांनी 'निर्वात विघटन' सुचवलं. यातलं काय ठेवायचं?

बाई, आधी 'निर्वात' काढा. निर्वात म्हणजे पोकळी, थर्मासच्या दोन भिंतींमध्ये असते तशी. तेलाच्या साठ्यात पोकळी कुठली? दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत तेल, पाणी, वायू ठासून भरलेले असतात; नसतो तो फक्त ऑक्सिजन. शाळेच्या पुस्तकात 'विनॉक्सिश्वसन' आहेच, त्याच चालीवर 'विनॉक्सी विघटन' म्हणा. ('विना' आणि 'ऑक्सी' यांचा संधी ज्याला पहिल्यांदा सुचला त्याला माझा नमस्कार.) 'अवायुजीवी' हाही शब्द चालतो, पण तो जीवाला, क्रियेला नाही. पाश्चरनं घडवलेल्या 'अ‍ॅनेरोबी' (इंग्रजीत 'अ‍ॅनेरोबिक') या शब्दाचं ते सरळ मराठी रूप आहे, हवेविना जगणारा. मात्र 'अवायुजीवी जीव मिथेन वायू सोडतात' असं लिहिलंत की पोरं विचारणारच, मग वायू आहे की नाही? 'प्राणवायू'ही इथे अडचणीचाच, कारण मिथेन करणाऱ्या जीवांना तो विषासारखा आहे. फलकावर साधा 'ऑक्सिजन' बरा.

आता क्रियापद. आपण नागपूरकर 'सडणं' फार सैल हातानं वापरतो. संत्रं सडलं, लाकूड सडलं, आठवडाभर ऑफिसात सडलो. हिंदीचा शेजार आहे, चालायचंच. पण सडण्यात घाण वास आणि नुकसान आलंच. कुजणं तितकं वाईट नाही. शेणखत तर मुद्दाम कुजवतात आणि 'चांगलं कुजलेलं आहे' म्हणून विकतात. तरी पाला कुजतो, फळ सडतं, दूध नासतं, भाजी विटते. तेलाला यातलं काहीच होत नाही. तेल खवट होतं. जवसाचं तेल महिनाभर उघडं ठेवून बघा, झाकण काढताच कळतं. आणि खवटपणा आणते हवा: ऑक्सिजन तेलाच्या रेणूंना चिकटतो. म्हणजे तेलासाठी आपल्याकडे असलेला एकमेव शब्दही इथे गैरलागू.

राहिलं आंबणं. मला तेच जवळचं वाटतं, आणि ते काटोलकडच्या मामांच्या गोबरगॅसमुळे. शेण आणि पाणी कालवून टाकीत सोडायचं. वर पालथा लोखंडी ड्रम. सकाळी तो हातभर वर आलेला असायचा आणि कडेच्या काळपट स्लरीतून एकेक बुडबुडा फुटायचा. मामा म्हणायचे, "आंबलं आता." सडलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि बाहेर पडणाऱ्या स्लरीला ताज्या शेणाइतकाही वास नसायचा.

तेलाच्या बाबतीत मामांचा शब्द अर्ध्या वाटेपर्यंत अगदी तंतोतंत लागू पडतो. खनिज तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या. काही जिवाणू या साखळ्या तोडतात (दगड फोडतात, साखळी तोडतात, तेव्हा इथे 'तोडणं' हिंदी नव्हे). त्यातून निघतो हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचंच एक रूप. आंबणं आणि आंबट एकाच घरातले, त्यामुळे इथवर 'तेल आंबलं' म्हणायला हरकत नाही. पुढचं काम दुसऱ्यांचं. आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट उचलून मिथेन करतात. त्यांनी उचललं नाही तर हायड्रोजन साचतो आणि पहिल्यांचं तोडकाम ठप्प होतं. एकमेकांवाचून दोघांचंही चालत नाही.

हे खरंच घडतं हे १९९९ साली ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या कार्स्टन झेंगलर आणि सहकाऱ्यांनी हेक्झाडेकेन या सोळा कार्बनी साखळीवर दाखवलं. हिशोब असा: हेक्झाडेकेनचे ४ रेणू आणि पाण्याचे ३० रेणू, त्यातून मिथेनचे ४९ आणि कार्बन डायऑक्साइडचे १५. ऑक्सिजन वायू कुठेच नाही. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आला पाण्यातून. तेव्हा फलकावर पाण्याचा उल्लेख हवाच. बाईंच्या मूळ वाक्यात तो नव्हता, आणि शब्दापेक्षा ही चूक मोठी.

आणखी एक. 'जिवाणू' लिहून मोकळं होऊ नका. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये मिथेन करणाऱ्या या मंडळींना जिवाणूंपासून वेगळं काढलं. शिवाय चीनच्या शेंगली तेलक्षेत्रातला मिथॅनोलिपॅरम हा आर्किया साखळी तोडण्यापासून मिथेनपर्यंत सगळं एकट्यानं करतो, असं अलीकडे दिसलं आहे. म्हणून 'सूक्ष्मजीव'.

फलकासाठी माझं वाक्य घ्या: 'जमिनीखाली ऑक्सिजन नसताना सूक्ष्मजीव पाण्याच्या मदतीनं खनिज तेलाचं विघटन करतात आणि त्यातून मिथेन तयार होतो.' 'आंबणं' फलकाजवळ उभ्या राहणाऱ्या पोरांना तोंडी सांगायला ठेवा. आणि आजी-आजोबा बघायला आले तर 'खनिज तेल' ऐवजी 'मातीचं तेल ज्यातून काढतात ते' म्हणायला सांगा.