आयुष्यभर चाव्या फिरवल्या, त्यात काय मोठं?

“ताई, मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत मी वॉलमन होतो. वय ६७. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, शेवटचा टप्पा. डॉक्टरांनी मुलाला बाहेर नेऊन सांगितलं, पण मला आत सगळं ऐकू आलं. माणसं येतात, शहाळं ठेवतात, ‘काही होत नाही, बरे व्हाल’ म्हणतात आणि निघतात. मी मरणाचा विषय काढला की मुलगा टीव्हीचा आवाज वाढवतो. रात्री पोट-पाठ इतकी दुखते की झोप नाही. पण गोळीची सवय लागेल म्हणून अगदीच असह्य झालं तर घेतो. मग पडल्या पडल्या हिशेब चालतो. ३४ वर्षं व्हॉल्व्ह उघडले नि बंद केले. एकदोघांकडून पैसे घेऊन त्यांच्या गल्लीला अर्धा तास जास्त पाणीही सोडलंय. धाकट्या भावाशी बांधावरून बोलणं नाही. माझ्या जागी आलेला कंत्राटी पोरगा अजून फोन करतो, ‘काका, मारुतीच्या देवळामागची लाइन कुठून बंद होते?’ बाकी कुणाचं माझ्यावाचून अडत नाही. असल्या जगण्याला काय अर्थ होता?”

भाऊ,

आधी गोळीचं बोलते. रात्री दोन वाजता पाठ फाटत असताना कुणालाही आपलं आयुष्य फुकटच गेल्यासारखं वाटतं. त्या वेळेला मांडलेला हिशेब मी तरी धरणार नाही. कॅन्सरच्या दुखण्यावरची गोळी डॉक्टर बहुतेक वेळा घड्याळ लावून घ्यायला सांगतात, म्हणजे कळ वर यायच्या आत औषध पोटात असतं. तुम्ही उलटं करताय, आगडोंब उसळेपर्यंत थांबताय. डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं कडक वेदनाशामक, घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीती फार कमी असते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मुलाला जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं-त्रास हलका करणाऱ्या उपचारांची, चौकशी करू दे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७ पासून हेच काम करतं, रुग्णाकडून पैसे न घेता. लांब पडत असेल तर निदान फोन करा. रिपोर्ट पाहून झाले की डॉक्टरांना ‘दुखतंय’ एवढंच सांगू नका. कुठे, किती वाजता, कुठल्या कुशीवर, सगळं सांगा.

आता तुमचा प्रश्न. ‘तुम्ही गावाला पाणी पाजलंत, पुण्याचं काम केलंत’ असं लिहून मला मोकळं होता आलं असतं. शहाळंवाले तेच करतात. तुमचं त्यावर समाधान होणार नाही.

कॅनडात विनिपेगला हार्वी चोचिनोव नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मरणाच्या दारातल्या माणसांशी ते ठरवून गप्पा मारतात. काय कमावलंत, असं विचारत नाहीत. आयुष्यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं, आपण खरे जिवंत आहोत असं कधी वाटलं, इथून सुरुवात होते. मग कशाचा अभिमान वाटतो, काय सांगायचं राहिलं, घरच्यांना काय माहीत असावं. बोलणं टेप करून उतरवतात, माणसाला वाचून दाखवतात, तो म्हणेल तिथे दुरुस्त करतात आणि प्रत त्याच्या हाती देतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या १०० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २००५ साली छापून आला. त्यातल्या ६७ टक्क्यांना आपल्या जगण्याला अर्थ असल्याचं जास्त जाणवलं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत मनाचा त्रास इतर उपचारांपेक्षा फारसा कमी झालेला दिसला नाही, तेव्हा जादू समजू नका. पण मला त्यातली एक गोष्ट पटते. माणूस एकटा पडून हिशेब करतो तेव्हा फक्त बेरीज-वजाबाकी होते, आणि समोर ऐकणारं कुणी असलं की गोष्ट होते.

तुमच्याकडे ऐकणारा आहे. तुम्ही त्याला पत्राच्या शेवटी एका ओळीत ढकललाय. तो कंत्राटी पोरगा.

जुन्या गावांत जमिनीखाली काय गाडलंय याचा धड नकाशा नगरपालिकेतही नसतो. कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गेला, कुठला उलटा फिरतो, कुठली लाइन जोरात उघडली की पुढचा सांधा निसटतो, हे वॉलमनच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर जातं. त्या पोराला घरी बोलवा. वही आणायला सांगा, फोन टेपला लावू दे. मारुतीच्या देवळापासून सुरुवात करा. लाइनी सांगता सांगता बाकीचं आपोआप निघेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तुम्हीही तेव्हा नोकरीत असणार. पाणी येणार कळल्यावर बायका रात्री हंडे घेऊन दारात बसायच्या, तेव्हा पहिलं पाणी कुणाला सोडायचं हे तुम्ही कसं ठरवत होतात? हे तुम्हाला आजवर कुणी विचारलंय का? मला खरंच ऐकायचंय.

पैसे घेतल्याचंही सांगा, गाळू नका. त्या अर्ध्या तासात टोकाच्या गल्लीतल्या घागरी रिकाम्या राहिल्या असतील, आणि ते मनात खुपतंय म्हणूनच तुम्ही लिहिलंत. त्याची माफी देणारी मी कोण? पण पाचशेची नोट घेऊन कुणीतरी त्या पोराकडेही येणारच आहे. तेव्हा त्याला काय आठवावं, हे तुमच्या हातात आहे. धर्मादायापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं माझं मत.

मुलाशी थेट मरणाचं बोलायला जाऊ नका. तो घाबरलाय. त्या गप्पांच्या वेळी त्याला फक्त चहा घेऊन आत येऊ दे, बहुतेक तिथेच बसेल. बाप रात्री-बेरात्री उठून कुठे जायचा हे त्यानेही कधी नीट ऐकलं नसेल.

राहिला भाऊ. बांधाचा निकाल आता लावत बसू नका, ते पोरं बघतील. तुम्ही नोकरीला लागायच्या आधीचे कसे होतात, हे सांगणारं तुमच्या घरात आता त्याच्याशिवाय कोण उरलंय? तेवढ्यासाठी तरी त्याला बोलवा. पहिला फोन मुलाने लावावा, तुम्ही नको, म्हणजे त्याला नाही म्हणायला जड जाईल. आला नाही तर मला कळवा. पत्ता पाठवा, मी लिहिते त्याला.

तुमची,
ताई