सांगायची घाई करू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. देवावरचा विश्वास उडाला हे अर्ध्या ओळीत आणि आईला कसं सांगू यावर चार पानं! खरी अडचण कुठे आहे ते तुलाही ठाऊक आहे.

आधी रोखठोक. शिक्षणाचा खर्च आणि डोक्यावरचं छप्पर घरच्यांच्या हातात असेल, तर आत्ता गप्प राहण्यात भित्रेपणा नाही. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १८वं कलम धर्म बदलायचा हक्क देतं खरं. पण धर्म सोडणं गुन्हा मानणारे देश आजही आहेत, आणि तसं मानणारी घरं तर विचारूच नकोस. कलम काही जेवायला वाढत नाही. आधी पायावर उभं राहा.

आता आई. तू मुद्दे काढून ठेवलेस, ते फाडून टाक. तिला ते खोडायचेच नाहीत. तिला धास्ती आहे ती मेल्यानंतर तुमची कायमची ताटातूट होण्याची. डार्विनच्या बायकोला, एमाला, हीच धास्ती होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिनं ती नवऱ्याला पत्रातून कळवली. त्याची श्रद्धा पुढे विरतच गेली, इतकी सावकाश की त्याला त्याचा त्रासही झाला नाही. पत्र मात्र त्यानं जपलं, आणि त्यावर लिहून ठेवलं की, याच्यावर मी कितीदा तरी रडलो आहे.

मला श्रद्धा सोडून वीस वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. वडिलांची शस्त्रक्रिया चालू होती, मी बाहेर बाकावर. लहानपणीच्या प्रार्थनेच्या तिसऱ्या ओळीवर आले तेव्हा कळलं, ओठ हलताहेत. थांबले नाही, उरलेली म्हणून टाकली. जीभ पाठांतर विसरत नाही, एवढंच. तुझंही होईल असं. स्वतःला ढोंगी म्हणू नकोस.

सुरुवातीला भेटेल त्या श्रद्धाळूला शहाणं करावंसं वाटतं. मी तर आजीला तिच्या शेवटच्या आजारपणात परलोक नसल्याचं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे कूस वळवली. त्याबद्दल अजून मला धड बोलता येत नाही.

सुट्टीत घरी जाशील तेव्हा आई प्रार्थनेला बसली की खोलीबाहेर जाऊ नकोस. हात जोडायची गरज नाही, नुसतं शेजारी बस. एक दिवस ती आपणहून विचारेल. तेव्हा सांग.